अख्खं भाषण

आम्ही दरवर्षी पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या लोकांची एक दिवसाची परिषद भरवतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजपासूनचा एक मित्र. बाकीचे कार्यकर्ते उत्साहाने येतात, टी-शर्ट नेतात आणि पुढच्या वर्षीपर्यंत नोकरी बदलून बंगळुरूला गेलेले असतात. ‘परिषद’ या शब्दामुळे माझ्या सासूबाईंची बरीच वर्षं अशी समजूत होती की मी राजकारणात पडले आहे. एकदा त्या स्वतः येऊन बसल्या, जेवण बरं होतं म्हणाल्या आणि तेव्हापासून निश्चिंत आहेत.

काम तसं घरच्या कार्यासारखंच असतं. सभागृहाच्या ऑफिसात खेटे घालायचे, कांदा-लसूण नसलेली ताटं किती लागतील याचा अंदाज बांधायचा, वक्त्यांचे रुसवे काढायचे. परिषदेच्या सकाळी माझा नवरा मार्केट यार्डातून झेंडू घेऊन येतो, कारण विषय कॉम्प्युटरचा असला तरी दाराला तोरण हवंच, असं त्याचं ठाम मत आहे. इतकी वर्षं तो न सांगता उठतो आणि जातो. त्याचे आभार मानायचे स्टेजवर दरवेळी राहून जातात, म्हणून इथे मानते.

आणि श्रोते पुण्याचे. वेळेवर येतात, पुढच्या खुर्च्या धरतात आणि फारच आवडलं तर ‘बरं होतं’ म्हणतात. बाहेरगावचा वक्ता हे ऐकून हिरमुसतो. मग त्याला बाजूला घेऊन सांगावं लागतं की बाबा रे, हे कौतुक होतं.

आमच्या धंद्यात बॅकअपशिवाय कुणाचं पान हलत नाही. माझा मित्र तर यात सगळ्यांच्या पुढे. जास्तीचा लॅपटॉप, जास्तीचा माइक आणि शिवाय प्रत्येक वक्त्याचं भाषण आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं. ऐनवेळी काही बिघडलं किंवा वक्ता ट्रॅफिकमध्ये अडकला तर ते पडद्यावर लावायचं. हे रेकॉर्डिंग तो घरी बसून साफ करतो. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, खाकरणं, पाणी पिणं, सगळं काढून टाकतो. त्याच्या हाताखालून गेलेला माणूस रेडिओवरचा निवेदक वाटतो. वक्ते खूश होतात आणि परिषदेनंतर वेबवरही हेच साफ केलेलं भाषण जातं.

मागच्या खेपेला भाषणांसाठी जे प्रस्ताव आले, त्यातला एक वाचताना माझा चहा गार झाला. लिहिणारा मुलगा चंद्रपूरकडच्या एका खेड्यातला होता. खराडीत एका कंपनीत काम करायचा, मित्रांबरोबर कात्रजला राहायचा. त्याच्या गावात पोरं मोबाइलवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, अर्ध्यावर नेट जातं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. त्याच्या स्वतःच्या फॉर्मच्या वेळी रेंज मिळावी म्हणून त्याची आई फोन हातात घेऊन गच्चीवर उभी राहायची आणि तो तिला पुन्हापुन्हा तीच माहिती सांगायचा. नेट गेलं तरी भरलेली माहिती वेबच्या पानानेच जपून ठेवावी आणि नेट आलं की स्वतःहून पाठवावी, हे कसं करायचं, एवढाच त्याचा विषय. आम्ही शहरातले लोक यावर इंग्रजीत खूप बोलतो, पण त्याचं लिहिणं वाचल्यावर मला पहिल्यांदा तो फॉर्म पुसला गेल्याचा राग आला.

मी लगेच फोन लावला. पलीकडे कुणीतरी उचलला, पण आवाज येईना. मी धंद्याच्या सवयीने ‘हॅलो, रेंज नाहीये वाटतं’ म्हणून फोन ठेवला आणि परत केला. पुन्हा शांतता. पुन्हा ठेवला. तिसऱ्या खेपेला तो कसाबसा म्हणाला, “ताई, रेंज आहे. मी अडखळत बोलतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही, असं व्हायची त्याला सवय होती. मग आम्ही बराच वेळ बोललो. शाळेत तो कधी स्टेजवर गेला नव्हता. ऑफिसात त्याने केलेलं काम मीटिंगमध्ये दुसराच कुणीतरी सांगायचा. त्याला एकदा स्वतःचं काम स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं, बस. आम्ही काय सोय करू, असं मी विचारलं, तर म्हणाला, काही नको, मी अडकलो तर थांबा, शब्द येतो.

ठरल्याप्रमाणे मित्राने त्याचं भाषण रेकॉर्ड केलं आणि सवयीप्रमाणे साफ केलं. यात वाईट हेतू काडीचाही नव्हता. सगळ्यांचं करतो तसंच याचंही केलं, फक्त इथे काढण्यासारखं जास्त होतं. फाइल त्या मुलाला पाठवली, आणि रविवारी तो माझ्या घरी आला. मी पोहे पुढे ठेवले. त्याने खाल्ले, छान झालेत म्हणाला, मग मोबाइलवर ते भाषण लावून माझ्यासमोर धरलं. पडद्यावर एक चटपटीत तरुण कुठेही न थांबता बोलत होता.

“ताई, फार मेहनत घेतली दादांनी,” तो म्हणाला. “पण हे आईला पाठवलं तर ती विचारेल, हा कोण आहे म्हणून.”

एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला आणि मी या वेळी थांबले. मग त्याने सांगितलं की ठेवायचं तर भाषण अख्खं ठेवा, नाहीतर ठेवूच नका. लोकांनी परिषदेत हा साफ केलेला मुलगा पाहिला, तर उद्या ऑफिसात तोंड उघडताना त्याला आणखी जड जाईल. पोह्यांची बशी मी राहू दे म्हटलं तरी त्याने स्वतः धुऊन ठेवली आणि तो बस पकडायला गेला.

मी मित्राला फोन केला. तो चिडला नाही, दुखावला. आपण आजवर बॅकअपशिवाय काही केलंय का, असं त्याने विचारलं. सभागृह भरलेलं असताना मुलगा स्टेजवर अडकून राहिला आणि लोक हसले, तर तो आयुष्यात पुन्हा माइकला हात लावणार नाही, आणि त्याला तिथे उभं केलेलं असेल आपण. हे खोटं नव्हतं. मला स्वतःलाही त्याचीच धास्ती होती. शेवटी फाइल लॅपटॉपवर राहू द्यायची, पण लावायची नाही, असं ठरलं. म्हणजे काहीच ठरलं नाही.

त्याचं भाषण जेवणाच्या आधीचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो स्टेजवर आला, माइकसमोर उभा राहिला आणि स्वतःच्या नावावरच अडकला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी आणि मित्र स्टेजच्या बाजूला लॅपटॉपपाशी उभे. पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. मागे कुणीतरी धीर द्यायला टाळ्या वाजवू लागलं, तेव्हा मला वाटलं आता संपलं. पण शेजारच्या बाईंनी त्या माणसाच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं. मित्राचा हात माउसवर गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलाकडे पाहिलं. तो आमच्याकडे बघतही नव्हता. तो त्याच्या शब्दाची वाट बघत होता. मी मान हलवून नाही म्हटलं.

नाव आलं. त्यामागून गाव आलं, गच्ची आली, आई आली. मध्येमध्ये तो थांबत होता आणि सगळं सभागृह त्याच्याबरोबर थांबत होतं. कुणी मोबाइल काढला नाही, कुणी त्याचा शब्द पुरा केला नाही. या शहराच्या तिरकस बोलण्यावर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलंय, पण त्या दिवशी त्या माणसांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. मित्राने ती साफ केलेली फाइल तिथल्या तिथे पुसून टाकली आणि तिचा बॅकअपही ठेवला नाही. या माणसाने जन्मात पहिल्यांदा असं केलं.

भाषण संपल्यावर प्रश्नोत्तरं. दुसऱ्या रांगेतले एक निवृत्त इंजिनिअर उभे राहिले. हे गृहस्थ प्रश्न विचारायला उठतात, पण प्रश्न विचारत नाहीत, चूक सांगतात.

“आपल्या पद्धतीत एक घोळ आहे,” ते म्हणाले. “माणसाने कंटाळून दोनदा बटण दाबलं, तर नेट आल्यावर एकाच पोराचे दोन अर्ज जातील आणि दोन्ही बाद होतील. याचा विचार केलाय का आपण?”

मुलगा उत्तर द्यायला लागला. प्रत्येक फॉर्मला उघडतानाच एक खूण देऊन ठेवायची, म्हणजे तोच फॉर्म दोनदा आला तर ओळखता येतो. ‘ओळखता’वर तो चांगलाच अडकला. गृहस्थ हाताची घडी घालून उभे राहिले, शब्द येईपर्यंत थांबले, आणि आल्याबरोबर म्हणाले की पान नव्याने उघडलं तर खूणही नवी मिळेल, मग काय करणार. मुलगा स्टेजच्या कडेपर्यंत आला. “तसं नाही होत जी,” म्हणाला आणि हातवारे करून सांगू लागला. मध्येच तो अडकायचा, पण आता त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. जेवणाची वेळ टळत होती, केटरर दारातून खुणा करत होता. मी कुणालाच थांबवलं नाही. शेवटी गृहस्थ म्हणाले, “मला पूर्ण पटलेलं नाही. पण उत्तर बरं होतं.” आणि खाली बसले.

जेवणाच्या रांगेत मी त्या मुलाला गाठलं. ते गृहस्थ तसेच आहेत, सगळ्यांशी तसंच बोलतात, तू मनावर घेऊ नकोस, असं त्याला समजावू लागले. त्याने ताट हातात घेतलं होतं, पण वाढून घ्यायचं त्याला भानच नव्हतं. चेहरा लाल झाला होता आणि तो हसत होता.

“नाही ताई,” तो म्हणाला. “माझ्याशी कुणी भांडतच नाही. मी अडकलो की लोक लगेच हो म्हणून मोकळे होतात.” मग मान वळवून रांगेत त्या गृहस्थांना शोधत त्याने विचारलं, “ते पुढच्या वर्षी पण येतील ना?”