जपानच्या मॉलला पाठवलेल्या वड्या

नवरा ऑफिसच्या कामासाठी जपानला गेला आणि तिथला एक मॉल बघून खुळावून परत आला. मॉल कसला, गावच ते. खाली दुकानं, वर सिनेमा, बोलिंग, बर्फावर घसरायची जागा, गरम पाण्याचे हौदसुद्धा. लोक सकाळी येतात ते रात्रीच जातात आणि परदेशी व्यापाऱ्यांना तिथे एखादा कोपरा देतात, हे त्याने मला भाजी चिरताना, गाडीत, झोपताना इतक्यांदा ऐकवलं की मला त्या मॉलचा वीट आला.

त्याच्या डोक्यात होत्या फिजोआच्या वड्या. इथे न्यूझीलंडला, आमच्या हॅमिल्टनमध्ये एप्रिल आला की ही पेरूसारखी फळं ज्याच्या त्याच्या अंगणात सडा घालतात; आमच्या रोटोटुना भागात शेजारी पिशव्या भरून दारात ठेवून जातात. नारळाच्या वडीसारखी तो त्यांची वडी करायचा, आणि खरंच सांगते, फर्मास व्हायची. मॉलच्या माणसाने नमुना खाऊन पहिला माल मागवला. लगेच याने गावातल्या दूध कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडली. माल खपला तर कोपरा कायमचा, नाहीतर पन्नाशीत घरी. मी म्हटलं, "अरे, जरा थांब की." थांबतोय कसला.

माल निघायच्या आदल्या दिवशी पुण्याहून सासऱ्यांचा फोन आला. त्यांचं किराणा दुकान होतं. "पहिला माल आहे, कुंकू लावल्याशिवाय पाठवू नकोस हो." एरवी नवरा देवापुढे हात जोडेल तर शप्पथ. पण त्या दिवशी मांडी घालून बसला आणि एकेका पांढऱ्याशुभ्र डब्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवत गेला. "सो प्रिटी, बाबा," मुलगी म्हणाली. मलाही भरून आलं.

मॉलचं उत्तर फार अदबीने आलं. डब्यांवर लाल डाग आहेत. आमची गिऱ्हाईकं हे भेट म्हणून नेतात, असे डबे आम्हाला मांडता येणार नाहीत. नवऱ्याने कळवलं की हा आमच्याकडचा शुभशकुन, दुसरे कोरे डबे पाठवतो. त्यांनी पुन्हा क्षमा मागितली आणि कोपरा दुसऱ्या कुणाला दिल्याचं सांगितलं. राग काढायचा कुणावर? मी भांडी आदळली, त्याने काय होणार होतं.

कारखान्यात त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता. नवरा लॅपटॉप उघडून अर्ज करायचा, म्हणजे नुसता बघत बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा. एवढा हौशी माणूस विझून गेला आणि मला काही म्हणजे काही करता येईना.

रविवारी सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. आजारी होते, तरी उशीला टेकून बसले होते.

"काय रे, पोचला का माल?"

"पोचला, बाबा."

"कुंकू लावलं होतंस ना?"

"हो. सगळ्या डब्यांना."

"मग झालं तर." सासऱ्यांचा चेहरा किती दिवसांनी खुलला होता. "पुढच्या वेळीही विसरू नकोस."

"नाही विसरणार, बाबा," नवरा म्हणाला.