सिगारेटच्या डब्यातली लोंब

माझ्या धाकट्या भावाची एकवीस पत्रे आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. ती तारखेप्रमाणे लावून मी प्रत्येकावर क्रमांक घातला आहे. तो लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लॉरी चालवीत होता. पत्रांतली गावांची नावे सेन्सॉरने काळ्या शाईने पुसली आहेत. धानाबद्दलचे कोणी पुसले नाही, आणि त्याने दुसरे फारसे लिहिलेलेच नाही. बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, केवढ्या, चिखल किती खोल, रोवणीला बाया किती. सातव्या पत्रात आहे, "वरून विमान गेले म्हणून बांधीत पडून राहिलो. उठून पाहिले तर इथल्या धानाला फुटवा आपल्यापेक्षा जास्त." स्वतःच्या हिमतीबद्दल त्याने लिहिलेले एवढेच.

एकविसाव्या पत्रानंतर एक वस्तू आली. माघातली कचारगडची जत्रा करून लोक परतत होते त्या सुमारास, त्याच्याच तुकडीतला तिरोड्याकडचा एक शिपाई रजेवर आला आणि वाट वाकडी करून आमच्याकडे उतरला. त्याने खिशातून सिगारेटचा पत्र्याचा डबा काढला. आत धानाची एक लोंब, घडी घालून बसवलेली. उलगडली तर हातभर.

"दादाले दाखव म्हणे, अशी भरली लोंब त्याने जन्मात पाह्यली नसन," शिपाई म्हणाला. मग हसून, "सारे लोक घरी रेशीम पाठवून रायले, अन् तुमचा भाऊ धान!"

मी ती लोंब डब्यासकट पेटीत ठेवायला निघालो. तेवढ्यात दाराआडून भावाच्या बायकोचा आवाज आला. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोर येऊन बोलत नाही. सांगायचे ते सासूला सांगते, आणि भासऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते. लग्न होऊन सहा वर्षे झाली होती, ती माझ्याशी एक शब्दही थेट बोलली नव्हती.

"आत्याबाई, पेटीत कायले ठेवतेत? पेटीत मेलेल्याच्या वस्तू ठेवतेत. धान मृगात पेरतेत."

माझे म्हणणे साधे होते. पत्रे सोडली तर त्याच्या हातची वस्तू एकच आहे. पेरली, आणि किडीने किंवा पाण्याने गेली, तर हातात काय राहील? तिचेही खरे होते. यंदा पेरले नाही तर पुढच्या मृगापर्यंत त्या दाण्यात कोंब राहील याचा भरवसा नव्हता. मी दाणे मोजले. पोचट काढून दोनशे चार भरले. मी आईला म्हणालो, अर्धे पेरू, अर्धे ठेवू.

"विचारा त्यायले, अर्धा माणूस घरी अन् अर्धा लढाईवर असते का म्हणा."

आई म्हणाली, "मी का तुमचा डाकवाला होय? दोघंबी गप राहा. पेरा आता."

सगळे पेरले. रिकामी काडी मात्र मी डब्यात घालून पेटीत ठेवली.

त्या दाण्यांचे पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपे, वीतभर झाले होते तेव्हा तार आली. मागून त्याच्या साहेबाचे इंग्रजी पत्र आले, ते मी गोंदियाला एका वकिलाकडून दोनदा वाचून घेतले. जखमींना आणायला लॉरी घेऊन तो एकदा गेला आणि परत आला. राहिलेल्यांना आणायला पुन्हा गेला. हुकूम नव्हता, आपणहून गेला. त्या पत्रावर मी बावीस घातले.

सुतक फिटले तरी माझे पाय शेताकडे वळेनात. रोवणी गड्यांवर सोडली होती. एका सकाळी ओसरीवर बसलो असता भावाची बायको बाहेर आली. पदर पुढे ओढलेला होता, पण उभी राहिली ती माझ्यासमोर.

"त्यायचे पऱ्हे म्हातारे होऊन रायले. आज रोवा लागन. तुमच्या हातानं."

मी उठलो. विहिरीजवळच्या कोपऱ्यात एकेक रोप मी स्वतः रोवले.

पुढचे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. तो धान उशिरा येणारा निघाला. आमचा धान कापून झाला, पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले, आणि हा कोपरा हिरवाच. शेजारी बांधावरून म्हणे, "का जी, ह्या धानाले दिवाळी कोणी सांगतली नाही का?" मी हसलो, पण लक्ष गुरांकडे होते. कापणी आटोपली की आमच्याकडे गावची जनावरे शिवारात मोकळी सोडतात. मोकळ्या रानात एवढा एकच हिरवा तुकडा उभा असला तर तो एक दुपारही टिकत नाही.

मी कुंपणासाठी काट्या तोडायला निघालो तर बांधावर गायकी, गावची गुरे राखणारा म्हातारा, भेटला.

"काट्या कायले तोडता, मालक? तिकडची जनावरं मी ह्या अंगाले येऊ देत नाही. गावाले सांगून ठेवलं हाय. शिपायाचा धान हाय म्हटलं तर कोणी काऊन म्हणून नाही पुसलं."

मार्गशीर्ष संपेपर्यंत अर्ध्या शिवारात गुरे फिरली नाहीत. कोणी कुरकूर केली नाही. धान पिकला. लोंबी हातभर भरल्या. तिने स्वतः कापल्या.

लढाई संपल्यावर दुसऱ्या साली, धान उभा असताना, तिरोड्याकडचा तो शिपाई पुन्हा आला. चहा झाल्यावर म्हणाला, "दादा, तो डबा हाय का अजून? एकदा पाहू द्या." मी पेटी उघडायला उठलो.

"पेटीत काडी हाय," ती दारातून मला म्हणाली. आता ती माझ्याशी बोलते. "त्यायले विहिरीकडं न्या."

आम्ही तिघे गेलो. त्या साली तो धान तीन बांध्यांत होता. वाऱ्याने सगळ्या लोंबी एका अंगाला झुकल्या होत्या. शिपाई बांधावर उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मी त एकच आणली होती," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "जाताना पेराले बिजाई घेऊन जा. अन् सांगून ठेवते, कापाची घाई करू नका. हा उशिरा येते."