टाक्याच्या तोंडाची दोन भोकं

माझी जाऊ टाक्यात पडली आणि दोर तिच्याबरोबर आत गेला. पाणी पुरुषभर खाली होतं. ती एकदा वर आली, पुन्हा बुडाली. पोहता दोघींनाही येत नव्हतं आणि डोंगरावर तिसरं माणूस नव्हतं.

मी लुगडं सोडून खाली टाकलं. तिनं टोक पकडलं, तशी मीच काठावरून आत घसरायला लागले. पालथी पडून पाय कातळाला रोवले, तेव्हा थांबले.

हे साधारण पंचाण्णव सालच्या उन्हाळ्यातलं. गावची विहीर आटली की आम्ही लेण्यांजवळच्या कातळात कोरलेल्या टाक्याचं पाणी आणायचो. टाक्याचं तोंड चौकोनी, दोन हात रुंद. काठाच्या जरा खाली, समोरासमोर दोन भोकं. पांडवांनी ती दिव्यांसाठी केली असं आम्ही धरून चाललेलो. पाणी भरण्याआधी प्रत्येक बाई त्यांत हळदकुंकू आणि फुलं टाकायची.

वाटेतल्या माकडांसाठी आणलेला सोटा माझ्याजवळ होता. तो भोकांत आडवा बसवायला गेले, तर लांब पडला. एका हातानं लुगडं धरून दुसऱ्या हातानं मी एका भोकातली घाण उपसली. हात कोपरापर्यंत आत गेला. दुसरं भोक वीतभरच होतं. तेव्हा कळलं. सोटा आधी खोल भोकात सारायचा, मग मागं ओढून समोरच्यात बसवायचा. बसला. हललासुद्धा नाही.

लुगड्याचे दोन वेढे सोट्याला घातले आणि भार माझ्या अंगावरून गेला.

"आक्का, लुगडं फाटंल," आतून जाऊ म्हणाली.

"फाटू दे. तुझ्या नवऱ्याकडनं नवं घीन. भितीला पाय लाव आन् चढ."

ती वीतभर चढली की मी तेवढं लुगडं ओढून घ्यायचे. मधे ती दमली, तर नुसती लटकून राहिली. वेढे सुटले नाहीत.

घरी सासू म्हणाली, "देवाच्या भोकात सोटा घातलास व्हय?"

"घातला. तुमाला दिवा पायजे व्हता का सून?"

ती भोकं दिव्यांची नव्हतीच. छिन्नी-हातोड्यानं कातळ फोडणाऱ्या त्या माणसांनी दोरासाठी आडवा दांडा बसावा म्हणून एक खोल, एक उथळ असं मोजून केलं होतं. आमच्या गावची सिमेंटची टाकी दोन वर्षांत गळायला लागली. मी चौथी शिकलेली, पण कोणाला अक्कल होती ते मला कळतं.

जाऊ वाचली. वारूळवाडीला लेकाकडं राहते.