ओळखीशिवाय कुणी बोलायचं नाही

पाहुण्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय माझी बायको त्याला माईकपर्यंत जाऊ देत नसे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर आमच्या लालबागच्या चाळीतला बक्षीस समारंभ, पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम शालिनीचं. आदल्या दिवशी ती पाहुण्याला फोन लावायची. नाव कसं म्हणायचं ते विचारायची, तीनदा म्हणून दाखवायची. मग विचारायची, "तुम्हाला वाचायला कुणी शिकवलं?" आणि सगळ्यात शेवटी, "यातलं काय सांगू आणि काय नको सांगू?" पाहुणा जे नको म्हणेल ते तिच्या पोटात गेलं की गेलं. मलासुद्धा सांगायची नाही.

एकदा एक पुढारी दोन पानं छापून घेऊन आला. कुठल्या कुठल्या समित्यांवर आहे त्याची यादी. शालिनीनं ती पानं घडी घालून त्याच्या हातात परत दिली. म्हणाली, "हे तुम्हाला पाठ आहे, साहेब. लोकांना कशाला पाठ करायला लावता?" मग माईकवर तिनं एवढंच सांगितलं, की यांना अक्षरं शिकवली ती त्यांच्या मोठ्या बहिणीनं, आणि ती बहीण स्वतः तिसरीतच शाळा सोडून घरकामाला लागली होती. पुढाऱ्याला त्याचं भाषण आठवेना. तो बहिणीबद्दलच बोलत राहिला. 

"पाहुण्याला खुर्चीपर्यंत न्यायचं. डोक्यावर न्यायचं नाही," असं ती म्हणायची. आणि, "माझी दोन मिनिटं. तिसरं मिनिट पाहुण्याचं, ते मी खाल्लं तर ती चोरी."

ती महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. मी चौथी पास. गिरणीत मागावर होतो, गिरणी गेली तशी वॉचमनची नोकरी धरली. लोक तोंडावर विचारायचे, की बाईंनी तुमच्यात काय बघितलं? मी सांगायचो, कान. ते खरंच आहे. मंचावर बोलायचं प्रत्येक वाक्य ती आधी मला ऐकवायची. ती बोलताना माझ्या तोंडाकडे बघत असायची आणि जिथं माझं तोंड कोरं पडलं ते वाक्य खोडून टाकायची. "तुम्हाला कळलं म्हणजे सभेला कळलं," म्हणायची. मी म्हणायचो, "म्हणजे मी अडाणी." त्यावर तिची मालवणी बाहेर यायची. "तसा नाय ओ. तुमी खोटी मान हलवत नाय, म्हणान." आणि कधी रागावली की, "गप ऱ्हवा जरा. तोंड आसा काय भोंगो?" मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आमचं भांडण तीन खोल्या ऐकायच्या.

तिची शाळा बंद झाली ती तिच्या नोकरीला दोन-तीन वर्षं उरली असताना. परदेशात राहणाऱ्या एका मराठी शिक्षणतज्ज्ञानं अहवाल लिहिला, की कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळांत मिसळाव्यात, त्यात मुलांचं भलं आहे. हिच्या शाळेचा पट कमी होताच. मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवली. हिला कागद आला, त्यात शब्द होता 'अतिरिक्त'. अतिरिक्त शिक्षिका. ती रडली नाही. पण पुढचे कित्येक दिवस सकाळी पुलाखालच्या सिग्नलला जाऊन उभी राहायची आणि मुलांना हाताला धरून पलीकडे सोडायची. दोन मुली हळूहळू यायच्या बंद झाल्या. त्यांच्या घरी जाऊन आली. आई म्हणाली, "बाई, एवढा रस्ता ओलांडून कोण पाठवणार पोरींना?" त्या दिवशी शालिनी जेवली नाही.

एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वैशाली ही तिची जुनी विद्यार्थिनी. आता परळच्या एका कॉलेजात शिक्षकांना शिकवते. गेल्या वर्षी ती पेढे घेऊन घरी आली. कॉलेजात आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषद भरणार होती, आफ्रिकेतून, युरोपातून माणसं येणार होती. "बाई, ओळख तुम्हीच करून द्यायची. मराठीत. मागे पडद्यावर इंग्रजी दिसेल." शालिनीनं पाहुण्यांची यादी मागितली. वाचली. चौथ्या नावावर तिचं बोट थांबलं.

अहवाल लिहिणारा साहेब. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही.

वैशाली खाली बघून म्हणाली, "बाई, मला माहीत आहे. पण ही परिषद माझ्या गळ्यात आहे. काही वेडंवाकडं झालं तर मला कॉलेजात तोंड दाखवता येणार नाही."

"वेडंवाकडं मी कधी बोलले?" शालिनी म्हणाली.

"तुम्ही नाही. पण तुम्ही खरं बोलता."

परिषदेच्या आदल्या दुपारी तिनं साहेबाला फोन लावला. एरवी ती फोनसाठी बाहेर गॅलरीत जायची. त्या दिवशी तिचा गुडघा धरला होता, आणि तिला वाटलं मी भिंतीकडे तोंड करून झोपलोय. लिहून घ्यायला हात मोकळे राहावेत म्हणून तिनं स्पीकर लावला. मी जागा होतो.

आधी तिनं स्वतः कोण ते सांगितलं. कुठली शाळा तेही. मग म्हणाली, "उद्या मी सांगणार आहे, की तुमच्या अहवालात माझी शाळा आहे आणि ती आता नाही. चालेल ना? चालणार नसेल तर ओळख दुसरं कुणी करून देईल." मग साहेब म्हणाला, "चालेल."

मग तिनं नेहमीचं विचारलं, की वाचायला कुणी शिकवलं?

तो माणूस बोलायला लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्याच्या लहानपणची, गावातल्या शाळेची गोष्ट. ती एक गोष्ट भर सभेत कुणी सांगितली असती, तर त्याचा अख्खा अहवाल त्याच्याच तोंडावर पडला असता. शेवटी तो म्हणाला, "बाई, हे मात्र मंचावर नको. हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही." शालिनी म्हणाली, "नाही सांगणार. शब्द."

तिनं फोन ठेवला आणि मी उठून बसलो.

"ऐकलंत?" तिचा चेहरा उतरला.

"सगळं ऐकलं. उद्या सांग. सगळ्यांसमोर सांग. घाव बसू दे."

"नाही."

"तुझी शाळा खाल्ली त्यानं! त्या दोन पोरी घरी बसल्या!"

"माहीत आहे मला. तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण त्यानं विश्वासानं सांगितलं. तुमच्या कानावर पडलं ती माझी चूक. आता तुम्ही ते विसरा."

"मी नाही शब्द दिलेला."

तिनं लिहून घेतलेल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "माका शब्द मोडूचो नाय." आणि आत गेली. त्या संध्याकाळी तिनं मला ओळखी ऐकवल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

परिषदेला गेलो ते मी ठरवूनच. पाहुण्यांचं बोलणं संपलं की प्रश्नांची वेळ असते, हे मला माहीत होतं. ती सांगत नाही तर मी सांगेन. हॉल गार, खुर्च्या मऊ, आणि माझ्या सदऱ्याला पाठीवर घाम. शालिनी निळ्या साडीत मंचाच्या कडेला. केनियाच्या बाईंचं नाव तिनं असं स्वच्छ घेतलं, की त्या बाईंनी उठून तिचे दोन्ही हात धरले.

मग साहेब. शालिनी म्हणाली, "पुढचे पाहुणे शाळांवर अहवाल लिहितात. त्यांच्या एका अहवालात आमची शाळा आहे. मी तिथं शिकवत होते. आता ती शाळा नाही. हे मी त्यांना विचारून सांगते आहे. ते काय म्हणतात ते मला नीट ऐकायचं आहे, तुम्हीही नीट ऐका. टाळ्या नंतर."

वैशालीनं कपाळाला हात लावला.

साहेब बोलला. पडद्यावर रंगीत रेघा वर गेल्या, खाली आल्या. लहान शाळेत मुलांना पुरेसं मिळत नाही, मोठ्या शाळेत मिळतं, असं काहीतरी. टाळ्या पडल्या. मग निवेदक म्हणाला, "प्रश्न?" आणि मी हात वर केला.

शालिनीनं मला तेव्हा पाहिलं. तोपर्यंत तिला वाटत होतं, की मी नुसता ऐकायला आलोय.

एका मुलीनं माईक आणून दिला. माझा आवाज, त्यात माईक. "नमस्कार" म्हटलं तर पुढच्या रांगेतल्या गोऱ्या माणसानं कानाला हात लावला. लोक हसले. निवेदक म्हणाला, "आजोबा, आपला परिचय?"

"परिचय काही नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे. ह्या साहेबांच्या लहानपणची."

साहेबानं माझ्याकडे बघितलंच नाही. त्यानं शालिनीकडे बघितलं. त्याला वाटलं, हिनंच सांगितलं. त्याचं तोंड पांढरं पडलेलं मला शेवटच्या रांगेतून दिसलं. आणि शालिनीचंही.

ती उठली. दुखरा गुडघा घेऊन चालत मंचावरच्या माईकपाशी आली. "थांबा," म्हणाली. "ओळखीशिवाय कुणी बोलायचं नाही. ओळख करून द्यायचं काम माझं आहे." मग सभेकडे वळली. "हे आत्माराम. माझे यजमान. गिरणीत मागावर होते, म्हणून आवाज मोठा आहे. तो राग नाही. चौथीपर्यंत शिकले. मी आजवर मंचावर जे बोलले त्यातलं बहुतेक आधी यांनी ऐकलं आणि जे उगाच होतं ते मला काढायला लावलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घरात कानावर पडलेलं यांनी बाहेर कधी नेलं नाही. आता ते एक प्रश्न विचारतील."

ती बसली नाही. तिथंच माईकला धरून उभी राहिली.

शालिनी ओळखीत कधी खोटं बोलली नव्हती. पुढाऱ्याबद्दल नाही, आयुक्ताबद्दल नाही. हे एकच वाक्य तिनं असं बोलून ठेवलं, की ते खरं ठरवायचं का खोटं हे माझ्या तोंडात होतं. गोष्ट जिभेवर होती. त्या दोन पोरी डोळ्यांसमोर होत्या. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता आणि मला ती एकटीच दिसत होती.

मी गोष्ट गिळली. म्हटलं, "साहेब, शाळा बंद करा म्हणून लिहिण्याआधी तुम्ही आमच्या शाळेत येऊन बघितलं होतं का?"

साहेबानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. समोर कागद होते, त्यांच्याकडे बघितलं नाही.

"नाही," म्हणाला. "आलो नव्हतो. यायला हवं होतं."

मी खाली बसलो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

नंतर कॅन्टीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. शालिनीच्या बशीत चहा सांडत होता. "माका वाटला, आता संपला सगळा," ती म्हणाली. मी म्हटलं, "मलापण." मग ती हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, "तुझं ते वाक्य खोटं होतं. मी सांगणारच होतो." ती म्हणाली, "सांगितलंत का? मग झालं तर."

त्यानंतर पाच महिन्यांनी ती गेली. दुपारी ओट्यापाशी छातीत कळ आली, परळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शोकसभेत एकानं तिची ओळख करून दिली. नावच चुकवलं, शैलजा म्हणाला. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "शालिनी!" लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला आवरेना. मी नाव दुरुस्त करत होतो.

महिन्याभरानं फोन वाजला. साहेब. वैशालीकडून नंबर घेतला म्हणाला. बाईंचं कळलं, वाईट वाटलं म्हणाला. मी "हं" म्हटलं. मग तो म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्हाला सगळं माहीत होतं ना?"

"होतं. तिनं सांगितलं नव्हतं. तुमचा फोन चालू असताना मी जागा होतो. तिच्यावर ठपका नको."

"नाही ठेवत. आता मला वाटतं, तुम्ही ती गोष्ट कुणाला सांगितलीत तरी माझी हरकत नाही. बाईंना मी त्या शब्दातून मोकळं केलं."

मला राग आला. मी म्हटलं, "ती असताना केलं असतंत तर तिनं माईकवर सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं. आता मी सांगून काय करू? मला कोण विचारतो? गोष्ट तुमची आहे, साहेब. तुमच्या तोंडानं सांगा. जिथं अहवाल वाचून दाखवलात, त्याच लोकांपुढं सांगा."

"बघतो, काका. प्रयत्न करतो."

"प्रयत्न नको. हो का नाही ते सांगा."

मी वाट बघितली. फोन त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही.