योगराज भदाणेची दुपार

सुरतेतल्या उधन्याच्या उद्योगनगरात हसमुखभाईंचं कंट्रोल पॅनल बनवायचं वर्कशॉप होतं, आणि तिथे योगराज भदाणे नावाचा एक माणूस दुपारीच सुटून घरी जायचा. बाकीचे सगळे रात्री आठपर्यंत वायरी सोलत बसायचे. दुपारी घरी पळणारा माणूस म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांसमोर कामचोर उभा राहतो. योगराज तसा नव्हता. उलट दुपारी सुटता यावं म्हणून या माणसाने जेवढं डोकं चालवलं, तेवढं वर्कशॉपातल्या कुणीच कधी चालवलं नसेल.

त्याचे वडील दगा भदाणे शिंदखेड्याकडून तापी लाईनच्या गाडीने सुरतेला आले आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चिकटले. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. घरात सगळे त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचे, त्यामुळे योगराजला लहानपणापासून गप्प बसून बघत राहायची सवय लागली. भिंतीवर हलणारी सावली दिसली की पोरगा तिच्यातच गेला. शाळेतले मास्तर म्हणायचे, हा बाकावर असतो, वर्गात नसतो. अशा पोराचं पुढे कसं होणार, या काळजीने वडिलांनी त्याला आयटीआयला घातलं. तिथून तो वायरमन होऊन हसमुखभाईंकडे लागला.

मग ते प्लेगचं साल आलं. अर्धं सुरत गाड्यांना लटकून पळालं. योगराजही गावी गेला आणि दिवाळीच्या सुमारास परत आला. वर्कशॉपातल्या कॉम्प्युटरवर बसणारा साहेब मात्र जो गेला तो गेलाच. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर घातलेलं, त्यावर धूळ बसलेली. हसमुखभाईंनी आजूबाजूला बघितलं. त्यांना जो माणूस सगळ्यात कमी बोलणारा वाटला, त्याला ते म्हणाले, "योगराजभाई, तमे बेसो. बगडशे तो जोईशुं." बिघडलं तर बघू, एवढ्या शिदोरीवर योगराज खुर्चीत बसला.

काम होतं शेजारच्या पांडेसऱ्यातल्या डाईंग हाऊसांचं. कापड रंगवायची मोठाली बंद मशीनं असतात. पूर्वी त्यांच्याजवळ एक माणूस तापमानाच्या काट्याकडे बघत उभा राहायचा. आता त्याच्या जागी कंट्रोलर नावाची पेटी आली होती. पाणी केव्हा घ्यायचं, किती तापवायचं, कापड किती वेळ फिरवायचं, गार केव्हा करायचं आणि पाणी केव्हा सोडायचं, हे सगळं तिला आधी सांगून ठेवावं लागे. ते सांगायचं शिडीच्या चित्रात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या, आणि एकेक पायरी म्हणजे एकेक हुकूम. पाणी भरलेलं असेल, झाकण लागलेलं असेल, तर आणि तरच पंप चालू. योगराजला हे काम पहिल्याच दिवशी आवडलं. आपण पेटीला कुणाच्या तरी दिवसाची गोष्ट सांगतोय, असं त्याला वाटायचं.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. गायत्री दोंडाईचाकडची. ती एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागली, आणि नव्या बाईला मिळते ती रात्रपाळी तिला मिळाली. इथून त्यांच्या संसाराची गंमत सुरू झाली, गंमत म्हणायची तर. योगराज सकाळी डबा घेऊन निघायचा तेव्हा गायत्री जिना चढून वर यायची. संध्याकाळी ती निघून गेल्यावर हा घरी पोचायचा. वीज मंडळाने उधन्यातल्या कारखान्यांना ठरवून दिलेली सुट्टी एका वाराला, तिची सुट्टी दुसऱ्याच वाराला. दोघांची गाठ पडायची ती जिन्यात. ती म्हणायची, "भाजी झाकीसन ठेवेल शे." तो म्हणायचा, "बरं." झालं. एकमेकांपेक्षा जास्त तर खोलीच्या किल्लीशी दोघांचं बोलणं व्हायचं.

योगराज यावर मनातल्या मनात झुरत होता. बोलणार कुणाशी?

एकदा हसमुखभाई खुशीत होते. "रोज एक मशीननो प्रोग्राम आपी दो," ते म्हणाले, "काम पत्युं एटले छूटा!" शेठ लोक असं बोलून जातात आणि विसरतात. योगराज विसरला नाही. काम संपलं की सुट्टी, हे त्याने मनात कोरून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कॉम्प्युटरकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. पडद्यावरची यादी उघडायची, खाली खाली जायचं, हवं ते निवडायचं, परत मागे यायचं, यात दिवसाचा किती भाग जातो! त्याने यादी सोडली आणि शॉर्टकटची बटणं पाठ करायला घेतली. जेवताना त्याची बोटं डब्याच्या झाकणावर चालायची. समोर बसलेला छगन वायरमन म्हणायचा, "भो, डब्बाले चावी देस का?"

मग त्याच्या हाती मॅक्रो लागला. जुन्या साहेबाच्या खणात पडलेल्या फ्लॉपीवर एक चिमुकला प्रोग्राम होता. तो सुरू करायचा आणि आपलं नेहमीचं काम करायचं. आपण दाबलेलं एकेक बटण तो लक्षात ठेवतो. पुढे ते सगळं एका जोडबटणाला, म्हणजे एकदम दाबायच्या दोन बटणांना, बांधून टाकायचं. मशीनं वेगळी असली तरी पंप सुरू करायच्या पायऱ्या त्याच, पाणी भरायच्या त्याच, गार करायच्या त्याच. बदलतात ते फक्त आकडे. योगराजने पाणी भरण्याचा सगळा भाग एकदा सावकाश, नीट टाईप केला आणि दुसऱ्या दिवशी एका कोऱ्या पडद्यावर ती दोन बटणं दाबली.

शिडी आपोआप उगवू लागली. एक पायरी, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. योगराजचे हात मांडीवर होते. कालच्या सकाळचा योगराज आज त्याच्यासाठी काम करत होता आणि आजचा योगराज नुसता बघत होता. हसमुखभाई मागे येऊन उभे राहिले होते. "अंदर भूत बेठुं छे के शुं?" त्यांनी विचारलं. योगराज लाजून हसला.

एका मॅक्रोत मात्र गंमत झाली होती. तो टिपताना योगराजच्या हातून एक आकडा चुकला होता, तो त्याने पुसला होता आणि बरोबर आकडा घातला होता. मॅक्रोने तेही जसंच्या तसं लक्षात ठेवलं. मग रोज, प्रत्येक मशीनच्या वेळी, पडद्यावर तो चुकीचा आकडा उमटायचा, क्षणभर थांबायचा, पुसला जायचा आणि बरोबर आकडा यायचा. तेव्हा आपण कशामुळे चुकलो, हे योगराजला चांगलं आठवत होतं. त्या सकाळी जिन्यात गायत्रीच्या केसांना हॉस्पिटलच्या फिनेलचा वास येत होता आणि तो दिवसभर तोच विचार करत होता. नवा मॅक्रो करायला काहीच लागलं नसतं. त्याने केला नाही.

हळूहळू दिवसभराचं काम दुपारच्या जेवणापर्यंत उरकायला लागलं. योगराज बोट लावून एकेक पायरी तपासायचा, फ्लॉपी हसमुखभाईंच्या टेबलावर ठेवायचा आणि निघायचा. शेठना बोललेला शब्द गिळता येत नव्हता. छगनने मात्र छळ मांडला. "काय रे भो, वहिनी दुपारले रोज पुरनपोया करतीस का?" योगराज म्हणायचा, "आम्ही चहा घेतस. गप्पा मारतस."

ही शुद्ध थाप होती. रात्रभर जागलेली बाई दुपारी करणार काय? गायत्री झोपलेली असायची.

खिडकीला डाईंग हाऊसमधून आणलेला, रंग बिघडलेल्या कापडाचा पडदा होता, धड निळा नाही, धड हिरवा नाही. दुपारचं ऊन त्यातून आत यायचं आणि सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसायची. भांडी, कॅलेंडर, खुंटीवरची पांढरी साडी, सगळं त्या रंगात. लांबून लूमचा आवाज यायचा. योगराज चपला बाहेर काढायचा, हलकेच दार लोटायचा आणि तिच्या उशाशी भिंतीला टेकून बसायचा. तिला उठवावं असं त्याला फार वाटायचं. पण रात्री कुठल्या बाईला कळा लागल्या, हिला किती धावावं लागलं, कुणास ठाऊक. तो नुसता बघत बसायचा. तिच्या कपाळावरची टिकली झोपेत सरकलेली असायची. पडद्यातून येणारा प्रकाश हळूहळू तिच्या हातावरून पायाशी जायचा, आणि योगराजला कधी वाटायचं आपण शिंदखेड्याच्या नदीत बसलोय, कधी वाटायचं आपण अजून जन्मलोच नाही. मग ती दचकून उठायची, "देवा, उशीर व्हई गया," म्हणत तोंड धुवायची, वेणी घालायची आणि पळायची.

असं बरेच महिने चाललं. मग हसमुखभाईंनी सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी दुसरं वर्कशॉप काढलं. योगराजला बोलावून ते म्हणाले, तिथला मुख्य तू. स्वतःची काचेची केबिन, नवा कॉम्प्युटर, हाताखाली माणसं. "पण सांजे आठ सुधी बेसवुं पडशे," ते म्हणाले. आठपर्यंत बसावं लागेल. "आ बपोरनी छुट्टी बंद." म्हणजे ही दुपारची सुट्टी गेली.

योगराज घरी आला, उशाशी बसला आणि विचार करू लागला. केबिन. वडील असते तर दोन्ही हात वर करून काय काय बोलले असते. आणि आपण सोडणार काय? ही दुपार. त्या वेळी ही झोपलेली असते. आपण आलो काय आणि नाही आलो काय, हिला कुठे पत्ता लागतो? एवढे मॅक्रो केले, एवढी बटणं पाठ केली, आणि कमावलं काय, तर झोपलेल्या बायकोकडे बघायचा वेळ! त्याला स्वतःचं हसू आलं आणि वाईटही फार वाटलं. हो म्हणून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

गायत्री उठली. ती वेणी घालत असताना त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "नही तरी तू जपेलच ऱ्हास." नाहीतरी तू झोपलेलीच असतेस.

गायत्रीचे हात वेणीवर थांबले. "मी जपेल नही ऱ्हास," ती म्हणाली.

योगराजला कळेना.

"तुमन्या चपला जिनावर वाजतीस ना, तवयच माले जाग येस. मंग मी डोया झाकीसन पडी ऱ्हास."

"रोज?"

"रोज."

"कसाले वं? उठानं ना! मी कवयपशीन वाट दखस."

"उठनू तं तुम्ही चहा ठेवशात, पानी भरशात, घाई करशात." तिने वेणी पुरी केली, पण तोंड भिंतीकडेच होतं. "रातभर मी दुसऱ्या बायास्ना उशाले बसस. मन्हा उशाले कोन बसस? तुम्ही बसतस."

एवढं बोलून तिने साडीचा पदर खोचला आणि ती ड्युटीवर निघून गेली. योगराज तिथेच बसून राहिला. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

सकाळी त्याने हसमुखभाईंना नाही म्हणून सांगितलं. शेठ चिडले. "बायडीने लीधे?" त्यांनी विचारलं. बायकोमुळे का? दुसरा कुणी असता तर त्याने तब्येतीचं, वडिलांच्या वर्षश्राद्धाचं काहीतरी सांगितलं असतं. योगराज म्हणाला, "हां शेठ, बायडीने लीधे." वर्कशॉपात हशा पिकला. मग त्याने आपले सगळे मॅक्रो एका फ्लॉपीवर उतरवून छगनच्या हातात दिले आणि त्याला एकेक जोडबटण शिकवलं. पुढे सचिनच्या वर्कशॉपातली काचेची केबिन छगनला मिळाली. तो चुकीचा आकडा उमटून पुसला जाताना बघून छगन कपाळाला आठ्या घालायचा म्हणे, पण त्यालाही तो काढायला सवड झाली नाही.

त्या दुपारी योगराज घरी आला तेव्हा गायत्री डोळे मिटून पडली होती. आता दोघांनाही सगळं ठाऊक होतं, त्यामुळे त्याला नव्या नवऱ्यासारखं अवघडल्यासारखं झालं. तो उशाशी बसला. काय करावं ते सुचेना, म्हणून हलक्या आवाजात म्हणाला, "आज एक मशीन व्हतं. मोठं. पांडेसरानं."

"मंग?" डोळे न उघडता ती म्हणाली.

मग तो सांगू लागला. आधी पाणी येतं. झाकण लागल्याशिवाय काहीच होत नाही. मग हळूहळू तापतं, एकदम तापवलं तर कापडावर डाग पडतात. मग कापड फिरत राहतं, आणि त्या वेळी कुणी काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. आपल्या बायकोशी तो इतकं सलग कधी बोलला नव्हता. ती मध्येच हं म्हणायची. मग हं यायचं थांबलं. श्वास जड झाला, ओठ थोडे उघडले, मुठीतला पदर सुटला. इतक्या दुपारी बसून काढल्या, पण ही झोप त्याने आजच पाहिली, ही खरी होती. पाणी अजून गार व्हायचं होतं, सोडायचं होतं. योगराज आवाज आणखी खाली आणून पुढे सांगत राहिला.