चंद्राची वाटी

कराड सोडताना सामान थोडेच होते. दोन सदरे, एक धोतर, औषधांची डबी. मी विश्वनाथकडे बदलापूरला निघालो होतो.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे मी कराडला मराठी शिकवीत राहिलो. तो अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात अधिकारी झाला. तो कविता लिही आणि टपालाने मला पाठवी. मी तिच्यातील उपमा खोडून ती परत पाठवी. माझे म्हणणे सरळ होते. प्रेम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कवी निसर्गाच्या दारी उसने मागायला जातात. कोणी चंद्र आणतो, कोणी वेल आणतो. मूळ माणूस त्या उसनवारीखाली झाकला जातो. विश्वनाथचे उत्तर दरवेळी तेच असे : "ज्याला नाव नाही, त्याच्याकडे जायला दुसरी वाट कुठे आहे?"

गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द गेले. सुमतीवहिनी दूरध्वनीवर म्हणाल्या होत्या, "कळतं सगळं भाऊजी. नावं तेवढी सापडत नाहीत. माझंसुद्धा." त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत होती. मी जायचे ठरवले.

कल्याणला गाडी पहाटे पोचली. उल्हासनगरात एक काम होते. विश्वनाथची मुलगी मेघना हिने समारंभासाठी एक मानपत्र छापून चौकटीत बसवायला दिले होते. मजकूर मी कळवला होता. चौकट येताना मी घ्यायची होती. इथे वस्त्या अजूनही फाळणीनंतरच्या निर्वासित कॅम्पच्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. दुकान उघडेपर्यंत मी एका हातगाडीवर दाल-पकवान खाल्ले (मैद्याची कुरकुरीत जाड पुरी आणि तिच्यावर हरभऱ्याची डाळ). माझ्या दातांना ते झेपणारे नव्हते. डाळ खाल्ली, पुरी ठेवली.

दुकानदार सिंधी होता, साठीचा. भिंतभर लग्नपत्रिकांचे नमुने लटकत होते. त्याने चौकट माझ्यासमोर ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"साईं, ये मॅटर आपने लिखा?"

"हो."

"विश्वनाथ आणि सुमती. सहजीवनाची पन्नास वर्षे." त्याने ते मोठ्याने वाचले. "बस? साईं, ये तो रेशन कार्ड झाला!"

मी चौकट उलटून मागचे खिळे पाहिले.

"कुछ डालूं? चांद-चकोर आहे, दीप-ज्योती आहे, सागर-सरिता आहे. सगळा रेडी. चांदवाला जास्त चालतो."

"चंद्र नको."

"पन्नास साल आणि चांद नको!" तो आतल्या कारागिराला ओरडून म्हणाला, "सुना? इधर लोग एक साल में चांद मांगते हैं." मग चौकट कागदात गुंडाळताना हळूच म्हणाला, "आपली बायको विचारत नाय, घरी चांद का नाय आणला?"

मी चौकट घेतली आणि बाहेर आलो.

अंबरनाथला शिवमंदिर पाहिले. काळ्या दगडावरच्या कोरीव वेली नऊशे वर्षांत वाळलेल्या नाहीत. मंदिराशेजारून वालधुनी वाहते. नदी म्हणावी असे तिच्यात फार उरलेले नाही. थोडा वेळ पायरीवर बसलो. जोडपी छायाचित्रे काढीत होती. मला कोणी काढून द्यायला सांगितले नाही.

तिथून रिक्षा केली. चालक पालेगावचा होता. त्याच्या घरची भातशेती होती, तिथे आता इमारती उभ्या आहेत, असे त्यानेच सांगितले. मोरिवलीला कारखान्यांच्या मागच्या बाजूला घे म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले.

"बाबा, कंच्या कंपनीत काम हाय?"

"काम नाही. तिथे एक सावरीचे झाड आहे. ते पाहायचे आहे."

"झाड बगायला रिक्शा?" तो हसला. "पोरगी बगायला चालल्यासारखं वाटतंय वो!"

विश्वनाथची एक ओळ माझ्या डोक्यात होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी लिहिलेली. 'तुझे येणे म्हणजे मोरिवलीची सावर : पान नसताना पेटलेली.' पाळी संपवून तो बाहेर पडे, तेव्हा कारखान्याच्या भिंतीपाशी ते झाड दिसे. मी समासात लिहिले होते, 'सावर फुलते, पेटत नाही.' ती ओळ त्याने काढून टाकली. महिना माघाचा होता. पाने झडून सावर लाल फुलांनी भरण्याचे दिवस. झाड पेटल्यासारखे दिसते की नाही, एवढे मला पाहायचे होते.

तिथे रुंद रस्ता होता, भिंत होती, आणि भिंतीला टेकून उभे असलेले टँकर होते.

"ती सावर व्हय? रस्ता मोठा केला तवाच गेली," चालक म्हणाला. "तिचा कापूस आमच्या घरच्या उशीत हाय अजून. आजीने भरलेली. देऊ का आनून?"

मी नको म्हटले. आम्ही बदलापूरकडे निघालो. कवितेतले झाड गेले होते. ते जिच्यासाठी कवितेत आले ती बाई स्वयंपाक करून माझी वाट पाहत होती.

बदलापूर मी पूर्वी पाहिले तेव्हा ते गाव होते. आता उंच इमारतींच्या मधून डोंगर तुकड्यातुकड्यांनी दिसतात. विश्वनाथचे घर सातव्या मजल्यावर आहे. वहिनींनी दार उघडले. थकल्या होत्या, केस मात्र नीट विंचरलेले. विश्वनाथ खिडकीपाशी खुर्चीत होता. मी पुढे जाऊन उभा राहिलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. ओठ हलले. कपाळावर शीर उठली.

"तू… तू… कात्री!" तो म्हणाला, आणि मोठ्याने हसला.

"अहो, कात्री काय!" वहिनी ओशाळल्या. "भाऊजी, मनावर घेऊ नका."

मनावर घेण्यासारखे काही नव्हते. त्याने मला पुरते ओळखले होते. नाव तेवढे आले नाही.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे होते (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ). विश्वनाथला भाकरी हवी होती; त्याने "ती… पौर्णिमा" अशी मागितली. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराला तो म्हैस म्हणाला. मी वळून पाहिले. म्हैसच होती, पाण्यात बसलेली. तरुणपणी असे एक उपमान शोधायला त्याला आठवडा लागे. आता शब्दाच्या जागी तेच येत होते, एकामागून एक, न बोलावता. आणि त्यामुळे तो सुखी नव्हता. प्रत्येक वेळी तो थांबे, मान हलवी, खरा शब्द आठवतो का पाही. तो येत नसे.

तो दुपारी झोपल्यावर वहिनी ताटे आवरता आवरता बोलल्या.

"काल मी छत्री होते. आज सकाळपासून कंदील आहे. लोकांच्या बायकांना पन्नास वर्षांत एक उपमा मिळत नाही भाऊजी, मला रोज नवी मिळते." त्या हसल्या आणि थांबल्या. "पण मला सुमती हवी आहे हो. एकदा. डॉक्टर म्हणतात, जुनं पाठ असलेलं म्हणून बघा. आरती म्हणतात, अगदी पूर्ण म्हणतात. आरतीत माझं नाव कुठलं असायला!"

मी पाण्याचा तांब्या उचलून जागेवर ठेवला.

समारंभ संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर होता. शेजारची मंडळी, कारखान्यातले काही जुने सहकारी, वहिनींच्या माहेरची नव्या पिढीतली माणसे. मेघनाने ते मानपत्र सर्वांना दाखवले. कोणी त्यावर काही बोलले नाही. मग शेजारच्या बायकांनी वहिनींना घेरले. "नाव घ्या! पन्नास वर्षांचं नाव घ्या!" वहिनी थोड्या लाजल्या आणि जवळच्या बारवी धरणावरून उखाणा जुळवून म्हणाल्या,

"बारवीच्या पाण्यावर सांजेची लाली, विश्वनाथरावांच्या संगतीत पन्नाशी झाली!"

टाळ्या झाल्या. एक बाई माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही पण घ्या!"

"ए, काका सिंगल आहेत," मेघना म्हणाली. सगळे हसले. मीही मान हलवली.

"मग आता विश्वनाथकाका! काकांनी घ्यायलाच पाहिजे!"

"प्लीज, बाबांना नको," मेघना घाईने पुढे झाली. पण त्याला आग्रह समजला होता. तो खुर्चीचे हात धरून उठला. त्याने वहिनींकडे बोट केले.

"ही… ही माझी…" तो थांबला. "कंदील."

मागे कोणीतरी हसले. गंमत चालली आहे असे हसणाऱ्याला वाटले असावे. विश्वनाथने मान हलवली. "नाही. पाणी. नाही… विहीर… नाही." प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा आवाज खाली जात होता. वहिनी पदराचे टोक बोटांना गुंडाळीत उभ्या होत्या. "बसा हो, पुरे," त्या म्हणाल्या. तो बसेना.

मला तेव्हा त्यांचे लग्न आठवले. पंगतीत बायकांनी त्यालाही असेच अडवले होते. तो कवी; मला वाटले, काही स्वतःचे म्हणेल. त्याने म्हटला तो कोणा मावशीने पढवलेला उखाणा. मी दिवसभर त्याच्याशी बोललो नव्हतो. नावडत्या गोष्टी माझ्या पक्क्या लक्षात राहतात. त्या मांडवातले आणखी कोणी आता त्या गच्चीवर नव्हते, नवरा-नवरी सोडून.

मी उठलो. असली ओळ मी आयुष्यात कधी तोंडातून काढली नव्हती. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि वर्गात म्हणावी तशी म्हटली.

"आकाशाच्या ताटात चंद्राची वाटी…"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा म्हटली. त्याचा श्वास ओळीच्या लयीवर आला.

"सुमतीचं नाव घेतो," तो म्हणाला, न अडखळता, तरुण नवऱ्याच्या घाईने, "तुमच्या आग्रहासाठी!"

कोणी टाळी वाजवली नाही. त्याने स्वतःच्या ओठांना हात लावला.

"सुमती," तो म्हणाला.

"ओ," वहिनी म्हणाल्या.

थोड्या वेळाने ते नाव पुन्हा हरवले. मेघनाने विचारले तर तो 'कंदील'च म्हणाला. पण ओळ म्हटली की नाव येई, दरवेळी येई. लोक गेल्यावर वहिनींनी मला ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. "मांडवात लाजेपायी मला काही ऐकूच आलं नव्हतं हो." एकदा ऐकून त्यांनी ती पाठ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, जपून जा," आणि दार लावले. उद्वाहन वर येईपर्यंत मला आतून त्यांचा आवाज ऐकू आला, आकाशाच्या ताटात, आणि त्यामागून त्याचा.

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. उपमेविषयीचे माझे मत मी तपासून पाहिले. ती ओळ वाईटच आहे. ताटात वाटी असते, यापलीकडे तिच्यात काही पाहिलेले नाही. चंद्र तर नाहीच नाही. सावरीची ओळ चांगली होती. चांगली उपमा वस्तू दाखवते. पण ती एकट्याची असते, तिच्या धन्याबरोबर जाते. वाईट उपमा काही दाखवत नाही. ती शंभर तोंडांतून फिरून इतकी गुळगुळीत झालेली असते, की अंधारातही हाताला लागते. विश्वनाथच्या आयुष्यभराच्या कवितांपैकी एकही ओळ त्याच्यापाशी राहिली नाही. मावशीची राहिली, कारण तिच्यात एक नाव बांधलेले होते. कवी झाडे, चंद्र, नद्या गोळा करतात ते बहुधा यासाठीच. एवढ्या सगळ्या पसाऱ्यात एक माणूस ठेवायचा असतो. माझे नाव कोणी कुठल्या ओळीत ठेवलेले नाही. ठेवायला हवे असे मला वाटलेही नव्हते.

पुण्यानंतर डबा रिकामा होत गेला. समोर एक बाई संत्रे सोलीत बसल्या होत्या. दोन फोडी त्यांनी माझ्यापुढे धरल्या.

"कराडला का? आम्ही पण तिकडचेच. आपलं नाव काय?"

मी सांगितले. त्या प्रवासात ते प्रथमच उच्चारले गेले. तेही माझ्याच तोंडून.