झाकण आणि रिंग

कुकरच्या रबरी रिंगा बनवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. बारा वर्षं त्यांनी एका मोठ्या कंपनीला रिंगा पुरवल्या. मग कंपनीने त्यांचा साचा पाहायला म्हणून नेला, त्याची हुबेहूब नक्कल केली आणि मावशींना वाऱ्यावर सोडलं. मावशी रडल्या नाहीत. "ह्यांना माझ्या दारात आणीन," एवढंच नवऱ्याला म्हणाल्या.

त्या कुकरची झाकणं बनवणाऱ्या एका झाकणवाल्याकडे गेल्या. त्यालाही त्याच कंपनीने असंच गुंडाळलं होतं.

"तुमचं झाकण, माझी रिंग. इथेच बसवू, वाफेवर तपासू आणि जोडीनेच विकू."

सुट्या मालाला नाकं मुरडणारे कुकरचे लहान कारखानदार ह्या जोडीवर तुटून पडले, कारण त्यांची तपासणीची कटकटच मिटली.

तीन वर्षांनी मोठ्या कंपनीचे खरेदीसाहेब आले. साचा हुबेहूब असला तरी रबर मावशींसारखं जमलं नव्हतं, त्यांच्या नकली रिंगांतून वाफ गळत होती. मावशींनी त्यांना तासभर बाकावर बसवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. मग म्हणाल्या, "माल मिळणार नाही."

"मावशी, आपले जुने संबंध आहेत."

"म्हणूनच मिळणार नाही."

साहेब गेल्यावर झाकणवाला कुरकुरला, "ऑर्डर मोठी होती हो."

"असू दे," मावशी म्हणाल्या आणि डबा उघडून शांतपणे जेवायला बसल्या.